दागूला बसलेला यायो

अफार मुलखाच्या तापलेल्या माळावर दोघे समोरासमोर आले, की कितीही घाई असो, खाली बसतात. हात हातात घेतात आणि विचारतात: कुठून आलास, काय पाहिलेस, काय ऐकलेस? याचे नाव दागू. पाणी कुठे, गवत कुठे, कोण गेले, कोण जन्मले. सारे सांगायचे, राखून काही ठेवायचे नाही. दागूत खोटे बोलणाऱ्याला पुढे कोणी काही सांगत नाही. आणि या मुलखात बातमी मिळाली नाही, तर माणूस पाण्यावाचून मरतो.

शेळ्या राखणारा आयदाहिस हा त्या दागूचा निस्सीम उपासक. ऐकले तेवढेच सांगे. त्यात तिळाएवढीही भर घालीत नसे. म्हणून त्याच्या शब्दावर तांडेच्या तांडे वाट बदलीत.

त्या वर्षी पाऊस रुसला. यायो नावाचा व्यापारी ट्रक घेऊन बाजारात येई, चहूकडे माळ करपलाय असे ट्रकमधूनच सांगे आणि मरतुकड्या शेळ्या कवडीमोलाने उचली. खाली मात्र कधी उतरत नसे. एके दिवशी आयदाहिसने पाहिले, तर ट्रकच्या चाकांना ओला चिखल. त्याने विचारताच यायो हळूच म्हणाला, तुझ्या शेळ्यांना दुप्पट भाव देतो, पण गप्प राहा.

आयदाहिसच्या शेळ्या उभ्याउभ्या कोलमडत होत्या. तरीही तो भर बाजारात ट्रकसमोर जाऊन बसला.

"उतर, यायो. दागू दे."

"घाई आहे, काका. पुढच्या खेपेला बसू."

"जन्माला येताना नव्हती रे एवढी घाई. तुझ्या आईला विचार, किती ताटकळवलंस ते."

बाजार खदखदून हसला. मग एकेक जण येऊन आयदाहिसच्या मागे बसला. बायकाही शेळ्यांचे दोर हातात धरूनच बसल्या. कोणी रागावले नाही, कोणी दगड उचलला नाही; सारे फक्त ऐकायला बसले.

यायोने पाहिले: न बसता निघालो, तर दागू टाळल्याची बातमी संध्याकाळपर्यंत प्रत्येक विहिरीवर पोचेल. तो उतरला, बसला. आयदाहिसने त्याचा हात हाती घेतला.

"काय पाहिलंस?"

यायोने चाकांवरच्या चिखलाकडे बोट दाखवले.

"तेरूच्या खोऱ्यात पाऊस झालाय. गवत गुडघ्याला लागतंय."

विक्रीला बांधलेल्या शेळ्यांचे दोर भराभर सुटू लागले. कळप तेरूकडे वळले. आयदाहिसने मात्र हात सोडला नाही. दागू घेतला की द्यावाही लागतो.

"आता माझं ऐक," तो म्हणाला. "तुझ्या परतीच्या वाटेवरची विहीर ढासळलीय. इथूनच पाणी भरून घे, बाळा."