उतू गेलेलं सूप

एका तापानंतर आमच्या शेजारच्या शिंपीणकाकूंना वास येणं कायमचं बंद झालं. तरी थंडीत घरच्यांसाठी भोपळ्याचं सूप त्याच करायच्या. एका दुपारी सूप गॅसवर ठेवून त्या मशीनवर बसल्या. गारठ्यामुळे खिडक्या बंद होत्या आणि सासूबाई स्वयंपाकघरालगत झोपल्या होत्या.

कॉलेजातून आलेली लेक दारातूनच ओरडली, "आई, गॅसचा वास येतोय!"

काकू स्वयंपाकघरात धावल्या. सूप उतू जाऊन बर्नर विझला होता. त्यांनी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि सासूबाईंना हलवलं. त्या हलेनात.

"अहो आई, उठा ना!" काकूंनी त्यांना पुन्हा गदागदा हलवलं.

"खिडकी लाव गं, गारठले मी," सासूबाई पुटपुटल्या.

काकू मटकन खाली बसल्या आणि हमसून रडल्या. आता सूप उकळेपर्यंत त्या ओट्यापासून हलत नाहीत.