वाडीत माणसं जास्त झाली

मी गवंडी. शाळा चौथीत सुटली, पण माझी चिऱ्याची भिंत ओळंब्याला चुकलेली कोणी दाखवावी. म्हातारपणी रत्नागिरीत मुलाकडे राहायला आलो आणि हात रिकामे झाले. मुलगा बोटीवर. सून घरातूनच काम करते. तिने सुटे भाग मागवून एक मोठा गेमिंग कंप्युटर स्वतः जुळवला. मी नावं ठेवली. मग एकदा तिच्या मागे उभा राहून पाहिलं, तर गेममध्ये सगळं चौकोनी ठोकळ्यांचं. माती ठोकळा, लाकूड ठोकळा. म्हटलं, हे तर चिरे. सरक गो बाय, मला दे.

अख्खा पावसाळा मी त्यात आमची वाडी बांधली. खरी वाडी डोंगरावर आहे, पण दारांना कुलपं आणि पडव्यांत रान. मी पालखी बसायची तो सहाणेचा चौथरा आधी बांधला, मग विहीर, मग एकेक घर. घरं झाली तरी बरं वाटेना. मग सुनेने माणसं कशी ठेवायची ते दाखवलं. अंडं टाकायचं, त्यातून माणूस. चेहरे सगळ्यांचे सारखे, पण कोण कुठे उभं राहायचं ते मला ठाऊक. विहिरीवर काकी. पडवीत माझा बापूस. शिमग्याला भरायची तशी वाडी मला सहाणेवर उभं राहून एकदा बघायची होती. सगळी, एका नजरेत.

नेमकं तिथेच कंप्युटर अडायला लागला. मी बटण दाबायचो, पाऊल मागाहून पडायचं. माणसं एक पाय वर उचलून थांबायची आणि एकदम पुढे यायची. बापूस पडवीत होता; डोळा मिटून उघडतोय तोवर माझ्यासमोर. भर दुपारी अंगावर काटा आला.

"तुझी जुळवणी चुकली," मी सुनेला म्हटलं.

"आबा, तुमची भिंत कधी चुकली?"

"नाय."

"मग माझीपण नाय."

तरी तिने सगळं तपासलं. पडद्याची वायर मागे बरोबर जागी आहे का बघितलं. डब्याची बाजू उघडून टेबलफॅन लावला. गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला, तो सुरळीत पळाला. मग मला आमच्याच गेममध्ये दर्यावर चालवलं, रानात चालवलं. कुठे अडलं नाही. विहिरीजवळ आलो की झटके.

"जागेतच काय तरी आहे," मी म्हटलं.

"जागेत नाय, गर्दीत. किती माणसं ठेवलीत?"

मी घरागणिक बोटांवर मोजून सांगितली. तिने पडद्यावरचा आकडा बघितला.

"दुपटीच्या वर आहेत, आबा."

"मी नाय ठेवली."

"तुम्ही खाटा टाकल्यात, शेतं केलीत. खायला-झोपायला मिळालं की त्यांना पोरं होतात, ती मोठी होतात. सगळ्यांना चालवताना मशीन दमतंय. निम्मी काढा."

"कोणती?"

"कोणतीही. सारखीच तर दिसतात."

मी उठून गेलो. दोन दिवस कंप्युटरकडे फिरकलो नाही. खऱ्या वाडीत शेवटचं मूल कधी जन्मलं ते मला आठवत नाही, आणि इथे माझ्या पाठीमागे वाडी वाढत होती. परत गेममध्ये जाऊन बघितलं तर पडवीत चौघे उभे. यातला बापूस कोणता? मलाही कळेना. काढायला जावं आणि तोच निघाला तर?

सून म्हणाली, "मग लांबचं दिसणं कमी करते. जवळची तेवढी चालतील, बाकीची धुक्यात थांबतील."

खरंच सुरळीत झालं. मी सहाणेवर उभा राहिलो. आमचं घर, अर्धी विहीर, पुढे पांढरं धुकं. विहिरीकडे गेलो तर पुढचं घर धुक्यातून वर आलं. मागे बघितलं, सहाण नव्हती.

"आता अडत नाय ना?" तिने विचारलं.

"नाय. पण होतं तसं कर."

"परत अडेल, आबा."

"अडू दे. न दिसणारी वाडी माझी डोंगरावर आहे."

तिने केलं. मी सहाणेवर परत आलो. सगळी वाडी एकदम समोर, जागच्या जागी थांबलेली. मग झटका बसला, आणि एक पोर आमच्या पडवीतून थेट माझ्यापुढे आलं. आमच्या वाडीत मला अनोळखी पोर कधी नव्हतं.

"कोणाचा रे तू?" मी विचारलं.

सून माझ्याकडे बघायला लागली. पोराचा उचललेला पाय अजून खाली आला नव्हता.