वेंकूबाई अक्कांचा हात आणि श्रुतीपेटी

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत तुळजाजींचं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर येतात, देवळांचे भोंगे येतात, वीणेला लावायचे माइक येतात, आणि गाण्याच्या शिकवणीत सूर धरून बसणाऱ्या विजेच्या श्रुतीपेट्या तर ढिगानं येतात. तुळजाजींचं वय अठ्ठावन्न, चष्मा कायम कपाळावर, आणि 'जमणार नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेले नाहीत. त्यांची बायको अंबा म्हणते, उद्या कुणी चंद्र घेऊन आला आणि म्हणाला मंद जळतोय, तरी हे सांगतील, ठेवून जा, गुरुवारी या.

जवळच्या तिरुवैयारूच्या वेंकूबाई अक्का श्रुतीपेटी घेऊन आल्या तेव्हा असंच झालं. अक्का पंचाहत्तरीच्या. पन्नास वर्षं गाणं शिकवतात.

"बिघडलंय काय?" तुळजाजींनी पुसलं.

"काही नाही. ऐकत नाही ती."

"आवाज येत नाही?"

"आवाज येतोय. तोच थांबत नाही. मी हात केला की मुली गप्प, त्यांच्या आया गप्प, रस्त्यावरचा भाजीवालासुद्धा गप्प. ही पेटी तेवढी वाजत राहते. मग मी वाकायचं, चष्मा शोधायचा, बटण शोधायचं. तोवर मुलगी चूक विसरून जाते. हात केला की हिनं थांबायला हवं."

"सरी, ठीक आहे, अक्का," तुळजाजी म्हणाले. "गुरुवारी घेऊन येतो."

हात ओळखणारा सेन्सर बसवायचा, यात अवघड काय, असं त्यांना वाटलं. एका गिऱ्हाइकाच्या पडवीतल्या दिव्याचा सेन्सर दुकानात पडून होता. माणसाच्या अंगाची ऊब समोरून सरकली की तो जागा होतो. तुळजाजींनी तोच पेटीला जोडला आणि गुरुवारी तिरुवैयारूला देऊन आले.

शनिवारी फोन आला. पेटी आता कुणाचंही ऐकत होती. एका मुलीनं मान खाजवली की बंद, दुसरीनं वहीनं वारा घेतला की बंद. अक्कांनी दोन दिवस मुलींनाच दटावलं, हलू नका म्हणून. सहा मुली पुतळ्यासारख्या बसल्या. तरी पेटी थांबतच होती, कारण अक्का स्वतः मांडीवर ताल धरत होत्या.

"आता मी ताल सोडून गायचं का, तुळजा?" अक्कांनी पुसलं.

तुळजाजींना चूक कळली. हा सेन्सर सगळी खोली बघतो, आपल्याला तर एक हात बघायचाय, तोही जवळचा. मग त्यांनी वटवाघळासारखा आवाज सोडून अंतर मोजणारा सेन्सर घेतला. वीतभर अंतरात काही आलं तरच पेटी थांबेल असं बसवलं, आणि दुकानात रेडिओ लावून दिवसभर तपासलं. काम चोख झालं होतं.

अक्कांनी पेटी लावली, क्षणभर कान दिला आणि विचारलं, "ही टिकटिक कुठली?"

"टिकटिक नाही, अक्का. याचा आवाज माणसाला ऐकू येत नाही. फार वरचा असतो."

"मग मला काय ऐकू येतंय? एका मात्रेत सोळा टिका. धड सोळाही नाहीत, थोड्या जास्त. लयीत बसत नाहीत."

तुळजाजी हसले. मग अक्कांची समजूत काढायला म्हणून त्यांनी पेटीला कान लावला. घरात शांतता होती, आणि आतून खरंच बारीक टिकटिक येत होती. घरी येऊन त्यांनी हिशेब केला. सेन्सर दर साठ मिलिसेकंदांनी आवाज सोडत होता. म्हणजे सेकंदाला, अक्कांच्या एका मात्रेला, सोळा आणि वर थोड्या.

"त्यांना कान आहेत की यंत्र," ते अंबेला म्हणाले.

"तुम्हालाही आहेत. मी हाक मारली की मात्र चालत नाहीत," अंबा म्हणाली.

तिसरा सेन्सर न दिसणारा उजेड फेकून परतलेला उजेड बघणारा होता. आवाजाचं नावच नाही. तो बसवून चार दिवस झाले तरी फोन आला नाही, म्हणून तुळजाजी स्वतःच बघायला गेले. अक्का खुशीत नव्हत्या आणि नाराजही नव्हत्या, गोंधळात होत्या. शिकवणी रोज सात ते साडेआठ. हल्ली पावणेआठलाच पेटी थांबे, मुली नमस्कार करून पळत, आणि अक्कांना वाटे, आपणच हात केला असेल, वय झालं. तुळजाजी बसून राहिले. पावणेआठला अंगणातलं ऊन दारातून आत सरकलं, पेटीच्या तोंडावर आलं आणि पेटी गप्प झाली. मुली उठल्या.

"बसा," अक्का म्हणाल्या. आज पहिल्यांदा त्यांनी चोर पकडला होता.

तुळजाजींना शरम वाटली. तीन सेन्सर बदलले, पण अक्कांचा हात नेमका कुठं जातो हे एकदाही बघितलं नव्हतं. ते भिंतीला टेकून उरलेला पाऊण तास बसले. उजवा हात मांडीवर ताल धरत होता, तो कधी डावीकडे येत नव्हता. 'पुरे' म्हणताना डावा हात खांद्यापासून खाली यायचा आणि गुडघ्याशेजारी, जमिनीपासून चार बोटांवर, तळवा खाली करून थांबायचा. प्रत्येक वेळी तिथंच. त्यांनी खडूनं फरशीवर खूण केली.

तिथं बसवायला त्यांनी नखाएवढा सेन्सर मागवला. बारीक लेझरचा किरण जाऊन परत यायला किती वेळ लागला यावरून तो अंतर मोजतो. हात गोरा की काळा, पदर पांढरा की लाल, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

"लेझर? माझ्या डोळ्याला केला तोच?" अक्कांनी मोतीबिंदूची आठवण काढली.

"त्याचं लेकरू म्हणा. हा काही करत नाही, नुसता मोजतो."

एका लाकडी ठोकळ्यात सेन्सर बसवून त्यांनी तो सावलीत, खुणेवर ठेवला. सहा बोटांच्या आत काही आलं आणि क्षणभर थांबलं, तरच पेटी बंद. जाता जाता पदर लागला तर नाही. आता तपासायचं तर कुणीतरी गायला हवं होतं, आणि शाळांच्या परीक्षा असल्यामुळे मुली आल्या नव्हत्या.

"तूच गा," अक्का म्हणाल्या.

तुळजाजी दहा वर्षांचे असताना चार महिने याच घरात शिकायला होते. सरळीच्या, म्हणजे सारेगमच्या, पहिल्या पाठापुढे त्यांची गाडी गेली नव्हती. एका सकाळी तो हात खाली आला तो कायमचा, आणि त्यांच्या वडिलांना निरोप गेला की मुलाला दुसरं काहीतरी शिकवा. त्यांना स्क्रूड्रायव्हर मिळाला तो असा. ही गोष्ट त्यांनी अंबेलाही सांगितली नव्हती.

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, मांडी घातली आणि पहिला पाठ सुरू केला. सा, री, ग. अक्कांचा डावा हात उचलला गेला. तुळजाजींची नजर ठोकळ्यावर होती. हात खाली आला, चार बोटांवर थांबला, आणि पेटी एकदम गप्प झाली.

"चालली," तुळजाजी म्हणाले. त्यांना टाळी वाजवावीशी वाटली.

"पेटी चालली," अक्का म्हणाल्या. "गांधार उतरलाय. परत म्हण."

त्यांनी परत म्हटला. पेटी परत थांबली. चौदाव्यांदा हात मध्यावरच घुटमळला आणि मागे फिरून मांडीवर गेला, तेव्हा पाठ शेवटपर्यंत गेला. अक्कांनी दुसऱ्या पाठाचे स्वर सांगितले.

दुपारी बसस्टँडवरून त्यांनी अंबेला फोन केला.

"पेटी झाली?" तिनं विचारलं.

"नऊलाच झाली."

"मग आता बारा वाजलेत. एवढा वेळ काय करत होता?"

"दुसऱ्या पाठावर होतो," तुळजाजी म्हणाले.

अंबा म्हणाली, "बरं. येताना केळीची पानं आणा, घरात एकही नाही."