न विचारलेले दोन प्रश्न

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? खरंच माहीत नाही.

१९९८ साली मी रत्नागिरीतल्या एका लहानशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागले. पंचविशीतली, लग्न व्हायचं होतं. रक्त-लघवीचं काही वाटायचं नाही. पण वीर्यतपासणीला पुरुष आले की माझी मान खाली जायची. त्यांना दोन प्रश्न विचारायचे असत — शेवटचा संबंध किती दिवसांपूर्वी आला, आणि नमुना सगळा डबीत आला की थोडा सांडला. यात गडबड असली तर शुक्राणूंचा आकडा कमी येऊ शकतो. माझ्याआधीचे टेक्निशियन काका बिनदिक्कत विचारायचे, आणि उत्तर बरोबर नसलं की माणसाला परत पाठवायचे. मी — मी विचारतच नसे. डबी घ्यायची, आणि रजिस्टरात 'तीन दिवस', 'पूर्ण' असं आपणच लिहायचं. मोजणी मात्र मन लावून करायचे. पण त्या मोजणीला अर्थ काय?

आमचे डॉक्टर वाचणारे होते. पुरुषांचे शुक्राणू जगभर कमी होताहेत की नाही, यावर तेव्हा शास्त्रज्ञांमध्ये वाद चालला होता. काही म्हणत, घट खरी आहे. काही म्हणत, मोजण्याच्या पद्धतीतच फरक आहे. डॉक्टरांनी काकांची जुनी रजिस्टरं आणि माझी नवी शेजारी ठेवली. माझे आकडे खाली होते. त्यांना वाटलं, आंब्याच्या बागांतली फवारणी याला कारण असणार. २००१ मध्ये गावातल्या डॉक्टरांच्या बैठकीत त्यांनी ते मांडलं. मीही होते, मागच्या रांगेत.

एका वयस्कर डॉक्टरांनी विचारलं, "दिवस नीट विचारले होते का? नमुने पूर्ण होते?"

आमचे डॉक्टर वळले. "मॅडमच सांगतील."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हो. प्रत्येकाला विचारलंय."

एवढंच. तीन शब्द.

त्यानंतर तरी मी विचारायला लागायला हवं होतं. पण आता विचारलं असतं तर आकडे वर गेले असते — आणि ते का वाढले, हे मला सांगावं लागलं असतं. आधी लाज होती. आता भीती.

पुढच्याच महिन्यात रमाकांत आला. गणपतीपुळ्याच्या वाटेवरच्या गावातला, आंब्याच्या कलमांच्या बागेत फवारणी करणारा. लग्नाला सहा वर्षं, मूल नाही. बायको सुलभा बाहेर बाकावर बसली होती. त्याने डबी पुढे केली, आणि तिथेच घुटमळला.

"मॅडम, वाईच सांगायचा होता... ह्यातला थोडा—"

मला कळलं होतं. पूर्ण कळलं होतं.

"ठेवा तिथे," मी म्हणाले. "रिपोर्ट उद्या मिळेल."

आकडा फारच कमी आला. मी 'पूर्ण' लिहिलं. डॉक्टरांनी त्याला कळकळीने समजावलं, फवारणी सोड, दुसरं काम बघ. गावात दुसरं काम कुठलं? तो मुंबईला वॉचमन म्हणून गेला. सुलभा सासू-सासऱ्यांपाशी राहिली. नंतर मला कळलं, मालकाने त्याला बागेत राहायला दिलेली खोलीही काढून घेतली.

फवारणीने खरंच काही होत होतं का? असेलही. डॉक्टर बरोबर असतीलही. पण माझ्या रजिस्टरांवरून ते कुणालाच कधी कळणार नाही.

सुलभा मला २००७ मध्ये मच्छीबाजारात भेटली. केस पांढरे व्हायला लागले होते. तिनेच हाक मारली.

"ओळखलंत काय मॅडम? ह्यांनी मुंबईत परत तपासलानी. सगळा बरोबर निघाला. फवारणी सोडली म्हणूनच ना! तुमच्या रिपोर्टाचे उपकार."

"आणि मूल?" मी विचारलं.

ती हसली. "वर्षातून दोनदा येतात, शिमग्याला नि गणपतीला. आता वय पण झाला माझा."

तिने माझा हात हातात घेतला. ओला होता, मासळीचा वास होता. मी सांगू शकले असते. सकाळची वेळ, आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं, तीही घाईत नव्हती.

मी म्हणाले, "बरं झालं." आणि तिचे आभार घेऊन घरी आले.