मास्तरांचा मोती चावत नाही

मास्तरांचा मोती चावत नव्हता. हे खुद्द मास्तरच सांगायचे, आणि तेही गिऱ्हाइकाच्या पँटचा पाय त्याच्या दातांतून सोडवता सोडवता. "खेळतोय हो. ओळख करून घेतोय." मग फाटलेला पाय तिथल्या तिथे फुकट रफू करून मिळायचा. फाडणारा आणि शिवणारा एकाच छपराखाली, अशी सोय दुसऱ्या कुठल्या शिंप्याकडे नव्हती.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दाराशी मशीन, मधे कापायचं लांब टेबल आणि टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगावर मोती. माप द्यायला उभं राहायची जागा नेमकी तिथेच, म्हणजे गिऱ्हाइकाचे बूट झोपलेल्या मोतीच्या नाकाला लागायचे. मास्तरांच्या बायकोने एकदा सुचवून पाहिलं, "अहो, मापं घेताना त्याला आत बांधत जा की."

मास्तर दुखावले. "तो काय जनावर आहे?"

बायकोने मोतीकडे शेपटापासून नाकापर्यंत नीट पाहून घेतलं आणि ती आत गेली.

पुढे मोती गुरगुरायला लागला. कुणी टेबलाजवळ आलं की घशातून बारीक आवाज काढायचा. आता दाराकडे मागे मागे सरकणाऱ्या माणसाच्या कमरेचं माप घेता येत नाही, ही धंद्यातली अडचण. तेव्हा मास्तरांनी कुत्र्याला वळण लावायचं मनावर घेतलं. मोती गुरगुरला की लाकडी पट्टीचा एक फटका नाकावर. महिनाभरात आवाज बंद. मास्तर येईल त्याला अभिमानाने दाखवायचे, "बघा, हूं की चूं नाही." भुंकणारा कुत्रा चावत नाही, असं म्हणतात. मास्तरांनी तर न भुंकणारा, न गुरगुरणारा कुत्रा घडवला होता. तसला काय करतो, याबद्दल मात्र म्हण नाही.

त्याच सुमारास लेक आठ दिवसांसाठी माहेरी आली. सोबत चार वर्षांची नात. मास्तरांचा सगळा जीव या नातीत. उरल्यासुरल्या कापडातून त्यांनी तिला सात फ्रॉक शिवून ठेवले होते, आणि सातही एकाच दिवशी घालून बघायचे होते.

दुसऱ्या दिवशी नात टेबलाखाली शिरली. मोतीच्या जबड्याखाली एक लाल चिंधी होती, तिला तीच हवी होती. मोतीने मान वळवली, ओठ उचलला आणि तो दगडासारखा ताठ झाला. लेकीने दारातून पाहिलं आणि ती धावलीच.

"घाबरतेस काय," मास्तर मशीनवरून न उठता म्हणाले, "काही करत नाही तो."

आवाज झालाच नाही. दात थेट पोरीच्या मनगटात रुतले.

नळाखाली साबण लावून जखम धुतली, दवाखाना झाला, इंजेक्शनं झाली. मोतीची लस वेळच्या वेळी झालेली होती, तीही बायकोने आठवणीने दिली म्हणून. दुसऱ्या सकाळी लेकीने बॅग भरली. "बाबा, तुमचा कुत्रा चावत नाही ना? मग आम्हीच येत नाही. तुम्हाला खोटं पडायला नको."

मास्तरांना आधी रागच आला. पोरीला वळण नाही, झोपलेल्या जिवाला छेडू नये एवढं कळत नाही, वगैरे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. इथे तर कार्टं ठरली ती स्वतःचीच नात. बायको दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ते मोतीला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. कुत्रा ठणठणीत आहे, एवढं ऐकायला.

"चावायच्या आधी गुरगुरला नाही?" बाईंनी विचारलं.

"छे हो. ती खोड मी केव्हाच मोडलीय."

बाईंनी लिहिणं थांबवलं. "मास्तर, 'लांब राहा' एवढंच सांगत होता तो. तुम्ही त्याचं सांगणं बंद केलंत आणि चावणं तेवढं शिल्लक ठेवलंत."

घरी येताना मास्तरांना स्वतःची इतकी लाज वाटली, की ते दुकानाचं दार लावून नुसते बसून राहिले.

मग मात्र माणूस कामाला लागला. आतल्या खोलीला अर्धं दार बसवलं, त्याला बाहेरून कडी. चिंध्यांचा ढीग आत गेला, मोतीही आत. खाताना आणि झोपताना त्याच्या वाटेला कुणी जायचं नाही. बाहेर नेताना साखळी आणि तोंडाला जाळी. टेबलावरची पट्टी चुलीत गेली. तरी कितीतरी दिवस मोती गुरगुरायच्या आधी मास्तरांच्या हाताकडे बघायचा, आणि ते बघणं मास्तरांना सोसवत नसे. अखेर एकदा तो अर्ध्या दारामागून गुरगुरला. मास्तरांनी माप अर्धवट सोडलं आणि गिऱ्हाइकाला दोन पावलं मागे घेतलं. "नको म्हणतोय तो," ते म्हणाले. गिऱ्हाइकाला वाटलं, मास्तरांचं वय झालं.

लेकीला हे सगळं आईकडून कळत होतं. आठ महिन्यांनी ती आली. नात उंबऱ्यावरच अडली. एका मुठीत आईची ओढणी, दुसरा हात पाठीमागे लपवलेला.

"आजोबा, मोती चावतो?"

'नाही गं' अगदी जिभेवर होतं. इतक्या वर्षांची सवय. मास्तरांनी ते गिळलं. सांगावंसं वाटत नव्हतं, तरी सांगितलं.

"हो. चावतो. म्हणून त्याला आत ठेवलंय आणि कडी मी लावलीय. तू बघून घे."

नातीने कडी बघितली. मग आजोबांकडे बराच वेळ बघितलं. मग ओढणी सोडून ती आत आली.