खांद्यातलं निळं

तीर्थपुरीच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे, तेव्हाची गोष्ट. पन्नाशीला दोन वर्षं कमी होती. उजवा खांदा आधी रात्रंदिवस दुखला आणि मग तीन-चार महिन्यांत अडकूनच बसला. फळ्यावर वरच्या ओळीपर्यंत हात पोचेना. केस बांधायला मागे जाईना, म्हणून शेजारची सून रोज सकाळी येऊन माझा अंबाडा घालून द्यायची.

जालन्याला जाऊन एक्स-रे काढला. तिथल्या डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला आणि सांगितलं की हाड बिलकुल चांगलं आहे, वयोमानाने दुखत असेल, गोळ्या घ्या. हाड चांगलं म्हटल्यावर आमच्या घरी माझं दुखणंच संपल्यासारखं झालं. माझे मालक शेती बघायचे. मनाने वाईट नव्हते. मी सांगितलं की पाण्याची बादली उचलून द्यायचे, पण एकदा जाता जाता म्हणाले, "फोटूत तर कायबी न्हाई निघालं." मला राग आला. नंतर मात्र मलाच वाटायला लागलं, खरंच आपण जास्त मनावर घेतलंय का? वर्गात मुलांना पुरावा मागणारी मी, माझ्याजवळ तरी काय पुरावा होता?

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी तेव्हा पुण्यात सोनोग्राफीचं शिक्षण घेत होती. फोनवर माझं ऐकून तिने सांगितलं की त्यांच्या सरांकडे एक नवं यंत्र आलंय, आतला भाग किती घट्ट झालाय ते त्यावर दिसतं, आणि सरांना असे अडकलेले खांदे तपासून बघायचेत. मी लगेच हो म्हटलं. मालकही बरोबर आले. एकटीने एवढा प्रवास त्या हाताने झाला नसता.

सरांनी आधी यंत्राला हातच लावला नाही. मला स्टुलावर बसवलं, दोन्ही कोपरं अंगाला चिकटवून ठेवायला सांगितली आणि माझी मनगटं धरून हात बाहेरच्या बाजूला फिरवले. डावा सहज गेला. उजवा थोडा हलला आणि थांबला. मी काही जोर करत नव्हते, तेच फिरवत होते, तरी तो थांबला. सर म्हणाले की सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते, ती जाड होऊन आवळली की हात असा अडकतो.

"निदान मी हातानेच केलं, बाई. यंत्राला तेच दिसतं का, एवढं आता बघायचंय."

भाचीने खांद्याला गार जेल लावलं. पडद्यावर करडं चित्र आलं, पण त्यातलं मला काही कळेना. मग सरांनी एक बटण दाबलं आणि त्या करड्यावर रंग पसरले. यंत्राला जोडलेला हातातला ठोकळा ते अगदी हलकेच दाबत होते, सोडत होते. मी विचारलं, दाबता कशाला? त्यांनी उलट मलाच विचारलं की सीताफळ पिकलं का ते तुम्ही कसं बघता. मऊ असेल तिथे बोट आत जातं, घट्ट असेल तिथे जात नाही. हे यंत्रही तेच मोजतं आणि मऊ भागाला लाल रंग देतं, घट्ट भागाला निळा. मला नवल वाटलं. मी तर लाल म्हणजे धोक्याचं धरून बसले होते.

डाव्या खांद्यात हिरवं आणि मधूनमधून लाल होतं. उजव्यात त्याच जागी एक निळी पट्टी दिसली. मालक इतका वेळ दाराशी उभे होते, ते पुढे आले.

"मंग हे फोटूत का न्हाई आलं?"

एक्स-रेत हाड दिसतं आणि हे हाड नाही, असं सरांनी त्यांना शांतपणे समजावलं. मालक वाकून त्या पट्टीकडे पाहत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "मला वाटलं व्हतं, तू..." आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.

पण बाहेर पडायच्या आधीची एक गोष्ट सांगायची राहिलीच. मला शंका आली होती की उजवीकडे दाबताना जोर कमी-जास्त लागला असेल तर? सर म्हणाले, हाच प्रश्न त्यांनाही सतावतो, म्हणून ते प्रत्येक खांदा तीनदा बघतात आणि मग दुसऱ्याकडूनही बघून घेतात. मग मी धीर करून विचारलं, "सर, तुमचा खांदा दाखवता का?"

भाचीने डोळे मोठे केले. सरांनी मात्र कोट काढला आणि ते स्टुलावर बसले. त्यांच्या उजव्या खांद्यातही थोडं निळं निघालं. त्यांचा हात कधी दुखला नव्हता, अडकला नव्हता. "म्हणून तर अजून नुसत्या रंगावर विसंबत नाही," ते म्हणाले. त्या क्षणापासून माझा त्यांच्यावर पुरता विश्वास बसला.

असे खांदे साखरेचा आजार असलेल्या माणसांत जास्त दिसतात म्हणून त्यांनी रक्त तपासायला लावलं, आणि साखर निघाली. ती माझ्या ध्यानीमनी नव्हती. मग साखरेवरच्या गोळ्या, सांध्यात एक इंजेक्शन आणि घरी रोजचा व्यायाम. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, काठी दोन्ही हातांत धरून फिरवायची. काठीचं दुसरं टोक मालक धरायचे. मी ओरडले की घाबरून सोडून द्यायचे, मग पुन्हा धरायचे.

वर्ष उलटून गेल्यावर हात जवळजवळ सुटला. तेव्हा कोणी बोलावलं नसताना मी पुन्हा पुण्याला गेले, फक्त बघायला. निळी पट्टी तिथेच होती, जराशी फिकी. हात सुटला तर हे का नाही गेलं, मी विचारलं. सर म्हणाले, "माहीत नाही, बाई."

परतीच्या एसटीत मी वहीत तीन प्रश्न लिहून काढले, शेवटचा त्या निळ्या पट्टीचा, आणि भाचीला पोस्टाने पाठवले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आली.