खोट आणि खोटं

मावशीचा रुपया खोटा आहे, हे आमच्या घरात इतकं पक्कं होतं की त्यावर कुणी वादही घालत नसे. लग्नात सूनमुख पाहताना सासूबाईंनी तिच्या ओंजळीत तो चांदीचा जुना रुपया ठेवला होता. सासरचे लोक कधीकाळी दरबारात कारकुनी करणारे, तिथूनच तो घरात आलेला. थोरल्या जाऊबाईंना त्यांच्या लग्नात असाच एक मिळाला होता. पण त्यांचा चकचकीत, आणि मावशीच्या रुपयावर कडेपासून मधल्या अक्षरांपर्यंत एक वाकडी रेघ. साताऱ्याहून या हिंदी मुलखात नवीनच आलेल्या मावशीनं तो गुपचूप सराफाला दाखवला. त्यानं कसोटीवर घासला आणि मान हलवून म्हणाला, "खोटं है."

झालं. आपल्याला नकली रुपया देऊन घरात घेतलं, ही गोष्ट मावशीनं सासूबाई होत्या तोवर त्यांना बोलून दाखवली नाही आणि त्या गेल्यावरही सोडली नाही. रुपया लोखंडी पेटीत, जुन्या रेशनकार्डाच्या घडीत जाऊन पडला.

मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबा बँकेतल्या युनियनची पत्रकं लिहायचे आणि रविवारी आम्ही सगळे त्यांच्या घड्या घालायचो. अन्याय आधी सिद्ध करायचा, मग ठळक अक्षरांत छापायचा, एवढी एकच शिस्त घरात होती. त्यामुळे गेल्या दिवाळीच्या तोंडावर मावशी पुन्हा एकदा "मला पता आहे गं, माझी लायकी त्यांनी पहिल्या दिवशीच दाखवली" असं म्हणाली, तेव्हा मी म्हटलं, "पता असून चालत नाही. सिद्ध करू या."

टावर चौकाच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे घड्याळजी बसतात. घड्याळं कमी, जुनी नाणीच जास्त बघतात. तुलनेला दुसरं नाणं हवं म्हणून मी जाऊबाईंनाही बोलावलं. त्या आपला रुपया जरीच्या बटव्यात घालून आल्या. निकाल त्यांच्या चेहऱ्यावर आधीच लागलेला होता.

घड्याळजींनी मावशीचा रुपया कडेनं धरून दिव्याखाली नेला. मला राहवेना. मी त्यांचं भिंग मागून घेतलं, डोळ्याला लावलं आणि जाहीर केलं, "ओरखडा आहे. खोल गेलाय. कुणीतरी मुद्दाम ओढलाय."

"मुद्दाम!" मावशी म्हणाली.

"बेटा, उजेला किधर से आ रहा है?" घड्याळजींनी विचारलं.

"डावीकडून."

त्यांनी नाणं होतं तसंच ठेवलं आणि दिवा उचलून उजवीकडे नेला. भिंगातला खड्डा माझ्या डोळ्यांदेखत उठून बसला. रेघ खोल नव्हतीच, उंचवट्याची होती. घड्याळजींनी दात कोरायची काडी हळूच आडवी फिरवली. काडी रेघेत पडली नाही, रेघेला अडली. मी भिंग परत केलं. भाषण तयार होतं, ते गिळलं.

"माई, भैरवगढ़ में चादर छापने का लकड़ी का ठप्पा तड़क जाए तो हर चादर पे निशान आता है. चादर थोड़े ही फटती है?" ते मावशीला म्हणाले. रुपयाही ठप्प्यानंच पाडलेला. ठप्प्याला तडा गेला की हातोड्याच्या घावासरशी चांदी त्या भेगेत शिरते आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. नकली करणारा अशी रेघ कशाला मुद्दाम घालेल? एका बाजूला बादशहाचं अर्धं नाव गायब होतं, तेही पाडतानाच: ठप्पा मोठा, चांदीचा तुकडा लहान.

"पण सराफ तर खोटं है म्हणाला होता," मावशी म्हणाली.

घड्याळजी क्षणभर गोंधळले, मग इतके हसले की भिंग डोळ्यावरून निसटलं. "खोटं नहीं माई, 'खोट है' बोला होगा! मतलब थोड़ी मिलावट. वो तो हर रुपये में होती है, नहीं तो चाँदी टिके कैसे?"

नुसता एक अनुस्वार. तोही सराफानं उच्चारलाच नव्हता, मावशीच्या सातारच्या कानांनी पदरचा घातला होता. ती रुपया तळहातावर घेऊन बसली. "वाईट लागलं गं," म्हणाली. "शेवटच्या दिवसांत पेज मी भरवली सासूबाईंना. पण तोंड वाकडं करून."

मग जाऊबाईंनी बटवा उघडला. घड्याळजींनी त्यांचा रुपया उलटून पालटून पाहिला आणि गंभीरपणे विचारलं, "इसको नहलाता कौन है?"

"मी," जाऊबाई अभिमानानं म्हणाल्या. "दर धनतेरसला. चिंच आणि राखुंडी लावून, खसखसून."

"माई, आपने तो बादशाह का नाम ही धो डाला."

नाणं अस्सलच होतं, पण अक्षरं बोटाला लागत नव्हती. मावशीचा रुपया मात्र रागामुळे कधी पूजेत गेला नाही, म्हणून घासला गेला नाही. वर काळी साय धरलेली, खाली अक्षर न् अक्षर टोकदार. "ऐसा पूरे शहर में मैंने नहीं देखा," घड्याळजी म्हणाले.

परतताना ई-रिक्षात मावशी आणि मी एका बाकावर, जाऊबाई समोर. मग जाऊबाई बाहेर बघत म्हणाल्या, "खरं सांगू? माझ्या लग्नात सासूबाईंनी दोन्ही पुढ्यात ठेवले होते. म्हणाल्या, तू थोरली, तू निवड, उरेल तो धाकटीला. चमकणारा होता तो मी उचलला."

मावशीनं हिशेब लावला. सासूबाई सुटल्या, हे तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. डोळे भरून आले तिचे. मग ते कोरडे झाले आणि हळूहळू बारीक होत जाऊबाईंवर स्थिरावले.

"म्हणजे रेघवाला माझ्यासाठी तुम्ही ठेवलात."

"अगं, पण तोच भारी निघाला नं!"

"ते आज कळलं. तेव्हा तुम्हाला कुठे माहीत होतं?"

मुद्दा बिनतोड होता. बाबांनीही छापला असता. समोरासमोरच्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या बाईकडे पाठ फिरवणं तसं अशक्यच. मावशीनं ते नानाखेड्याला उतरेपर्यंत करून दाखवलं.